जुना लॅपटॉप घेतलाय, बॅटरी किती उरलीय ते कसं बघायचं?

परभणीचा_पोरगा: बहिणीच्या क्लाससाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला, विंडोज ११ हाय. दुकानदार म्हणला बॅटरी एकदम ओके, आन खाली १०० टक्के दाखवतोय बी. पण लाईट गेली की तासाभरात ३० वर येतो आन तिथून डायरेक्ट बंद, वॉर्निंग नाही काही नाही. बॅटरी गेली का सेटिंगचा घोळ हाय? परत करायची मुदत हाय अजून म्हणून इचारायलोय.

लातूरकर_बापू: ते खालचं १०० बघू नको रे, टाकी भरली एवढंच सांगतंय ते, टाकीच लहान झाली असली तर त्याला काय पत्ता. सीएमडी (कमांड टाईप करायची काळी खिडकी) उघड, त्यात पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजीत, आन एंटर मार. फाईल कुठं सेव्ह झाली ते तिथंच लिहून येतंय, ती क्रोममधी उघड. डिझाईन कपॅसिटी (नवी असताना किती मावायचं) आन फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतंय) असे दोन आकडे असतेत, दुसऱ्याला पहिल्यानं भाग. ८० टक्क्याच्या वर आलं तर मस्त, ६० च्या खाली आलं तर दुकानदाराला गाठ.

परभणीचा_पोरगा: डिझाईन ४१,०४० मिलीवॉट-अवर, फुल चार्ज २३,३९०. म्हणजे ५७?? सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडा, त्याच्यासमोर नुसती रेघ हाय.

जालन्याची_ताई: रेघेचं टेन्शन घेऊ नको, काही लॅपटॉप तो आकडा विंडोजला देतच नाहीत. ३० वर बंद पडतोय म्हणजे एकतर एखादा सेल कमजोर झालाय, लोड आला की व्होल्टेज दणकन खाली येतं, नाहीतर टक्के मोजणारं मीटरच चुकायलंय. एकदा फुल चार्ज करून बंद पडेपर्यंत चालव, परत सलग फुल चार्ज कर. मीटरचा घोळ असला तर ३० वर बंद पडायचं थांबेल. पण आधी टचपॅड वर उचललाय का, क्लिक जड लागतंय का, टेबलावर डुगडुगतोय का बघ. तसं असलं तर बॅटरी फुगलीय, मग टेस्टबिस्ट काही नको, चार्जर काढून बंद करून ठेव.

परभणीचा_पोरगा: टचपॅड सपाट हाय ताई. बदलून दे म्हणतो त्याला.

लातूरकर_बापू: बदलून देताना डुप्लिकेट टाकतेत काही जण. रिपोर्टमधले आकडे बॅटरीतली चिपच सांगती, लोकल मालात काहीबी भरलेलं असतंय. म्हणून तिथंच बसून चार्जर काढ, यूट्यूब लाव आन टक्के किती झपाट्यानं उतरतेत बघ. आन दुपारच्याला डिक्कीत घालून नेऊ नको, उन्हानं आहे ती बी बॅटरी जाईल.