मदत हवी आहे: गूढ शब्दकोडे 'कानामागून आली', तीन घरांत छेद जुळत नाही

पेन्सिलखोड

चौकट ७ × ७, काळी घरे नाहीत, जाड रेघांनी शब्द तोडलेले. एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट. जोडाक्षरालाही एकच घर. आडवा नि उभा शब्द ज्या घरात भेटतात तो छेद. वरची सूचना अशी:

"सहा उत्तरे सुटतात तशी भरायची नाहीत. प्रत्येकीत एकच बदल, तोही नवा खराखुरा शब्द होईल असा. छेदाच्या घरात काना, मात्रा, वेलांटी काटेकोर. भरून झाल्यावर पाहा: पाच शेवटी एकमेकींत मिसळतात, सहावीची वाट वेगळी. सहावी जिला मिळते तिची चार घरे रंगवा."

अडलेल्या जागा (शोधसूत्राचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो, उरलेला त्याची फोड; कंसात घरांची संख्या):

आडवे ४: पहाटेच्या सुरुवातीला रान नि वारा (३). प + वन = पवन. पण शेवटच्या घरातून उभे ५ सुरू होते, 'नको मावा, म्हणे होडीवाला (३)'. ना + खवा = नाखवा. म्हणजे तिथे एकाच वेळी न आणि ना.

आडवे ७: लोभी मनात दडलेला गदाधारी (२). लो(भी म)नात, भीम. याला हमाल छेदतो. म आणि मा.

आडवे ९: शाब्बास, युद्धात हत्ती! (३). वा + रण = वारण. छेदात वीणा. ण आणि णा.

उभे ३: रटाळाचे शेपूट कापले, पाणी निघाले (२). नीरस वजा स, नीर. आडवे १२: मांडवाच्या तोंडाशी जर दिसले, तर उंदीर पळाले (३). मां + जर, मांजर. या दोघांचे शेवटचे घर एकच आहे आणि र बरोबर जुळतो, म्हणून ही दोन्ही पक्की धरली आहेत.

उभे ११: सारथी काळा (२). कृष्ण की श्याम? आडवे १३ सुटलेले नाही, त्यामुळे ठरत नाही.

आडवे १४: परी टबात शिरली, अर्धवट दिसला धोबी (३). कोरे.

प्रश्न असा की वादाची घरे तीनच, तर बदलणारी उत्तरे सहा कशी? की रचनाकाराने छेदात मात्रा सैल सोडली आहे? एकदम सगळे फोडू नका, आधी दिशा द्या.

रफार

मात्रा सैल असती तर सूचनेत 'काटेकोर' हा शब्द आला नसता. तेव्हा नाखवा, हमाल, वीणा यांना हात लावू नका. साध्या, म्हणजे न बदलणाऱ्या, शोधसूत्राचे उत्तर खोडून थीमच्या, म्हणजे बदलणाऱ्या सहांतल्या, शब्दाला जागा करून देणे, ही थीमच्या कोड्यातली सगळ्यात महाग चूक. त्या एका खोडण्याने आजूबाजूचे तीन-चार बरोबर शब्द पडतात.

तिन्ही वाद एका कागदावर एकाखाली एक लिहा: न/ना, म/मा, ण/णा. फरक कुठल्या घरात आहे? आणि कशाचा आहे? मग कोड्याचे शीर्षक तोडून वाचा.

सूचनेतला 'एकमेकींत' हा शब्दही बघा. पवन, भीम, वारण यांतले स्त्रीलिंगी कोण?

अनुस्वार

१४ चे आधी. 'अर्धवट' म्हणजे लपलेला शब्द, तोही शोधसूत्रात जसाच्या तसा: (परी ट)बात. परीट. मधले री जपून ठेवा, शेवटी लागेल.

१३ मध्ये तहानेसाठी दोन घरांचा, जोडाक्षराने संपणारा शब्द शोधा. तो सापडला की श्याम आपोआप बाद.

तीन आणि सहाचा घोळ: दोन थीमची उत्तरे एकमेकांना शेवटच्या घरात छेदत असतील, तर बदल दोघांत सारखाच होतो आणि वाद दिसतच नाही. नीर आणि मांजर यांची जुळणी त्या जातीची आहे. असल्या कोड्यात छेद जुळला म्हणून शब्द पक्का, असे फक्त साध्या शोधसूत्रांच्या बाबतीत म्हणावे. रचनाकाराने हे घर मुद्दाम तसे ठेवले असणार; मला तरी कोड्यातली ही सगळ्यात देखणी जागा वाटते.

पेन्सिलखोड

काना! मागून! पवना, भीमा, वारणा, नीरा, मांजरा. १३ तृष्णा, म्हणून कृष्णा. सगळ्या नद्या, आणि 'आली' स्त्रीलिंगी.

आता रंगवायचे काय? आणि मुळा, पूर्णा, सूर्या का घेतल्या नसतील? की माझ्या सहांतली एखादी चुकीची आहे?

रफार

सहाही बरोबर. मुळा बसत नाही, कारण मूळचा मुळा करताना काना येतोच, शिवाय दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व होतो. दोन बदल झाले; सूचनेत एकच म्हटले आहे. पूर्णा नावाच्या नद्या एकाहून अधिक, एक तापीला मिळते, दुसरी गोदावरीला. अशी दुहेरी नोंद प्रामाणिक रचनाकार टाळतो. सूर्या वैतरणेला मिळून अरबी समुद्रात जाते, तिने पाच-एक हा हिशेब मोडला असता.

ही पद्धत इंग्रजीत जुनी आहे. १९३० पासून निघणाऱ्या 'लिसनर' या ब्रिटिश गूढ कोड्यात उत्तर एक आणि चौकटीतली नोंद दुसरी, हा नेहमीचा खेळ. तिथे बदल अख्ख्या अक्षराचा करावा लागतो. आपल्याकडे घर तेच ठेवून नुसता काना वाढवता येतो, म्हणून शब्दाची लांबी बदलत नाही आणि कंसातल्या आकड्यावरून संशयही येत नाही.

अनुस्वार

संगम तपासा. नीरा नरसिंगपूरला भीमेत. पवना दापोडीजवळ मुळेत, पुढे मुळा-मुठा होऊन भीमेत. भीमा कर्नाटक-तेलंगण सीमेवर कृष्णेत, वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत. कृष्णा धरून पाच झाल्या. 'शेवटी' हा शब्द पवनेसाठी घातला आहे, कारण ती यांतल्या कोणाला थेट मिळत नाही.

उरली मांजरा. ती जिला मिळते तिचे नाव चार अक्षरी. आडव्या किंवा उभ्या ओळीत शोधू नका, ते तिरपे आहे. परीटातल्या री वर बोट ठेवा आणि कर्णाने वर-डावीकडे जा.

पेन्सिलखोड

री, व, दा, गो. दुसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरापासून पाचव्या ओळीच्या पाचव्यापर्यंत. रंगवले.

एक शंका उरते: वारण म्हणजे हत्ती, हे चालते?

रफार

चालते, शब्दकोशात आहे. पण रोजच्या बोलण्यात नाही, म्हणून असा शब्द देताना शोधसूत्राची फोड सोपी ठेवायची असते. 'शाब्बास' आणि 'युद्ध' यांतून वा आणि रण कोणालाही मिळतात, हत्ती मग कोशात पडताळून घेता येतो. उलट झाले असते, म्हणजे फोडही अवघड आणि शब्दही अनोळखी, तर तक्रार रास्त ठरली असती.