९७ची लाल ८००, रंग पार गुलाबी पडलाय. पॉलिश की सरळ फुल पेंट?

आंब्याखालची८००:
नमस्कार मंडळी. बाबांची १९९७ची मारुती ८००, लाल, सांगलीला घरासमोर उभी असते. गेली चार वर्षं फारशी चालवलीच नाही, दिवसभर ऊन आणि संध्याकाळी आंब्याची सावली. बॉनेट, टप आणि डिकी आता पांढरट गुलाबी झालीय, हात फिरवला की बोटं लाल होतात, दरवाजे मात्र अजून बरे आहेत. गॅरेजवाला म्हणतो रंग मेला, फुल पेंट मारा, ३५ हजार. बाबा म्हणतात कंपनीचा रंग आहे, कोणी हात लावायचा नाही. मधल्यामध्ये मी. शेजारच्या काकांचं ऐकून टूथपेस्ट पण घासून झाली, फक्त हेडलाईट जरा उजळली. मागच्या चाकाच्या कमानीवर दोन-तीन फोड आलेत ते वेगळंच. काय करू?

रबिंगराव:
टूथपेस्टने दात घासा आता 😄
बोटाला रंग लागतोय ना, मग घाबरू नका. म्हणजे वर वेगळा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, सिंगल स्टेज रंग आहे, रंग आणि चकाकी एकाच थरात, वरच्या थराची उन्हाने भुकटी झालीय आणि खाली लाल शिल्लक असणार. लाल रंग उन्हाला हळवा असतोच, आणि आडव्या पत्र्यांवर ऊन थेट पडतं म्हणून दरवाजे वाचले. तरी खात्री करा, जुन्या पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा, गुलाबी आला तर सिंगल स्टेजच. कापड पांढरंच राहिलं आणि पत्र्यावर चट्टे पडून पापुद्रे सुटत असतील तर क्लिअर कोट गेला, मग कितीही घासा तो परत येत नाही, तेवढा पॅनल रंगवावाच लागतो.
गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. शॅम्पूने धुवा, मग भरपूर पाणी मारत क्ले बार (चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, कारण आंब्याखाली उभी म्हणजे मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडलेला असणार, तो नुसत्या धुण्याने जात नाही. मग डिकीवर फूटभर जागा चिकटपट्टीने आखून आधी फाइन पॉलिशने बघा, नाहीच जमलं तर कंपाउंड, ते जास्त खरखरीत असतं. उलटं करू नका. कारखान्यातला रंग प्रायमरसकट जेमतेम १००-१२० मायक्रॉन असतो हो, साध्या कागदाएवढा, आणि प्रत्येक घासणीत त्यातलाच जातो. कडांवर अजून पातळ, तिथे पट्टी लावाच.

पाना१०_११:
मी कोल्हापूरला डेंटिंग पेंटिंगचंच काम करतो. वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण त्या फोडांना पॉलिश करत बसू नका, तो आतून आलेला गंज आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हळूच टोचून बघा, आत गेलं तर पत्रा कापून जोडायला लागणार. नाही गेलं तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), मग लांबी म्हणजे पुट्टी. गंजावरच लांबी थापणारे खूप आहेत, पुढच्या पावसाळ्यानंतर फोड परत उठतो, लांबी पाणी ओढते. कमानीच्या आतल्या ओठात चिखल साठतो तो बोटाने काढा, आणि दरवाज्याच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा.
फुल पेंट करायचाच झाला तर एकच प्रश्न विचारा, काचांची रबरं आणि हँडल काढून मारणार का. नाही म्हणाला तर उठा तिथून. आणि रंग लालच ठेवा, बदललात तर आरसीवर नोंद करायला आरटीओला हेलपाटे.

अलिबागचं_खारं_वारं:
पॉलिशनंतर काहीतरी लावा नाहीतर सहा महिन्यांत परत गुलाबी. सिरॅमिक कोटिंगवाले मागे लागतील, २९ वर्षांच्या गाडीला साधं वॅक्स बास, दोन-तीन महिन्यांनी एकदा, पाण्याचे मणी धरायचे थांबले की समजायचं संपलं. भांड्याच्या साबणाने धुवू नका, वॅक्स उतरतं. आणि धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने हललं की पॉलिश पेपरच तो. आमच्याकडे पावसात प्लास्टिकचं कव्हर घातलेल्या गाड्या उघड्या गाड्यांच्या आधी गंजल्यात.

रबिंगराव:
वॅक्सबद्दल थोडा असहमत, सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात वॅक्स महिनाभर पण धड टिकत नाही, सीलंट बघा, वॅक्ससारखंच पण कृत्रिम, जास्त टिकतं. कव्हरचं मात्र शंभर टक्के. कावळ्याची शिट पडली तर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचला, कोरडी खरवडायची नाही.

आंब्याखालची८००:
सगळ्यांचे आभार. रविवारी बनियनची टेस्ट केली, कापड लालभडक. डिकीवर फूटभर आखून हाताने फाइन पॉलिश मारलं, तीन वेळा, खांदे गेले. पट्टी काढली तर एका बाजूला गुलाबी आणि एका बाजूला असा लाल की त्यात आंब्याच्या फांद्या दिसतायत. बाबा चष्मा लावून बघून गेले, काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने स्वतःच बादली घेऊन आले. स्क्रू ड्रायव्हर आत गेला नाही, कमानीचं काम पेंटरकडे देतोय.
एक घोळ झालाय. डिकीच्या कडेला पट्टी लावायची राहिली आणि तिथे नखाएवढा राखाडी प्रायमर दिसायला लागलाय. टचअपची बाटली चालेल का, आणि रंगाचा कोड या मॉडेलला कुठे लिहिलेला असतो?

पाना१०_११:
बाटली चालेल, पण ब्रशने नको, काडेपेटीच्या काडीने टिपके द्या, पातळ थर, मध्ये सुकू द्या. कोडच्या मागे लागू नका, एवढ्या वर्षांत गाडीचा लाल उतरलेला असतो, कोडचा रंग वेगळा दिसेल. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्या, पॉलिश केलेल्या बाजूशी जुळवून देतील. झाकण आधी पॉलिश करा मात्र, नाहीतर गुलाबीच घेऊन याल.