एसीच्या गॅसवरचे नियम मागे घ्यावेत का? ॲरिझोना १९९५ ते आज

वाळवंटकर (धागाकर्ता):
१९९५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या विधिमंडळाने चक्क कायदा केला की आमच्या राज्यात फ्रिऑन (एसी-फ्रिजमधला सीएफसी गॅस) बनवायला आणि वापरायला मुभा आहे. गव्हर्नर सिमिंग्टन यांनी सहीही केली. त्याच वर्षी टेक्ससचे खासदार टॉम डीले ओझोनचा थर खाणाऱ्या सीएफसीवरची बंदी उठवायचं विधेयक घेऊन प्रतिनिधीगृहात आले. ऑक्टोबरात नोबेल मिळालं ते ओझोनचं रसायनशास्त्र उलगडणाऱ्या क्रुट्झन, मोलिना आणि रोलंड यांना. बंदी संघीय कायद्याची होती, त्यामुळे ॲरिझोनाचा कायदा कागदावरच राहिला.

आता रोख एचएफसीवर आहे, म्हणजे सीएफसीच्या जागी आलेल्या पण पृथ्वी तापवणाऱ्या गॅसवर. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने कायदा केला: २०३६ पर्यंत एचएफसीचं उत्पादन आणि वापर ८५ टक्क्यांनी घटवायचा. ट्रम्प यांनीच त्यावर सही केली. त्याखालचे नियम सैल करायचा प्रस्ताव २०२५ मध्ये त्यांच्याच सरकारने आणला. मला हे साफ चूक वाटतं. ज्या कारखान्यांनी कायदा पाळून नव्या गॅससाठी यंत्रं बदलली, त्यांनाच हा फटका.

ह्यूस्टनवासी:
असहमत. विज्ञानाशी माझं भांडण नाही, बिलाशी आहे. १९९५ ला लोक चिडले कारण गाडीच्या एसीतला आर-१२ (तेच फ्रिऑन) महागला आणि मायामीत चोरटं फ्रिऑन उतरू लागलं. २०२५ च्या उन्हाळ्यात नव्या एसीत लागणाऱ्या आर-४५४बी गॅसचे सिलिंडर मिळेनात. इथल्या उन्हात एकट्या म्हाताऱ्या माणसाचा एसी बंद पडला तर जिवावर बेततं. तारखा ठरवणाऱ्यांनी याचा विचार केला होता का?

नाशिकचा मेकॅनिक:
रोज हेच काम करतो म्हणून लिहितो. फ्लेअर नटला (पाइपाच्या जोडावरच्या नटला) साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला की लीक सापडलं. पण गिऱ्हाईक म्हणतं, "नुसता गॅस भरून द्या." दोन महिन्यांत पुन्हा फोन. जुनं युनिट काढताना व्हॉल्व्ह उघडून सगळा गॅस हवेत सोडणारे मी पाहिलेत; गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन चौथ्या मजल्यावर कोण चढवणार? आपल्याकडे भारतातही २०२८ पासून एचएफसीचा वापर ठरलेल्या पातळीवर गोठवायचा आहे. कोणता गॅस यावर भांडा, पण तो हवेत जातोय त्याचं काय?

वाळवंटकर:
मेकॅनिकभाऊंशी शंभर टक्के सहमत, गळती आणि रिकव्हरीचे नियम तर आणखी कडक हवेत. ह्यूस्टनवासी, गॅसची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ७०० पटींपेक्षा जास्त नको, ही मर्यादा नव्या यंत्रांना आहे. जुन्या एसीतल्या आर-४१०ए गॅसची ती ताकद सुमारे २०८८ पट, म्हणून तो नव्या घरगुती एसीतून गेला. म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या एसीत तो आजही भरता येतो. सिलिंडर कमी पडले तर पुरवठा वाढवा, मुदत थोडी वाढवा. नियमच कशाला काढता?

ह्यूस्टनवासी:
भरता येतो, पण कोणत्या भावाने? त्याआधीचा एसीतला आर-२२ गॅस बंद होत गेला तेव्हा भाव कसा चढला ते आम्ही भोगलंय. गरीब घरांचा एसी बदलायला पैसे देण्याचं कलम आणा, मी तुमच्या बाजूने. तोवर माझा विरोध कायम.