काकांचा झोर्की-४ : दुरुस्त करावा की दुसरा घ्यावा? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार.

माझे काका १९७२ ते १९७८ या काळात अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी मॉस्कोत होते. परतताना त्यांनी झोर्की-४ हा सोव्हिएत कॅमेरा बरोबर आणला आणि पुढची वीसेक वर्षे घरातल्या प्रत्येक बारशापासून लग्नापर्यंतची छायाचित्रे त्यावरच काढली. काका जाऊन आता दोन वर्षे झाली. गेल्या दिवाळीत मिरजेच्या घरातले कपाट आवरताना काकूंनी तो माझ्या हाती ठेवला आणि "नुसता शोकेसमध्ये ठेवणार असशील, तर नेऊ नकोस," असे बजावले. येत्या डिसेंबरात काकूंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशीची छायाचित्रे याच कॅमेऱ्याने काढावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी मला मार्गदर्शन हवे आहे, आणि उत्तर देणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून आतापर्यंत जे समजले व जे केले ते सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याच्या अंगावरचा क्रमांक ७२ ने सुरू होतो. झोर्की जिथे बनत, त्या मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात या क्रमांकाचे पहिले दोन आकडे निर्मितीचे वर्ष दाखवतात, हे मला वाचनातून कळले. म्हणजे काका तिथे पोहोचले त्याच वर्षी हा कॅमेरा तयार झालेला आहे. त्यावर ज्युपिटर-८ ही ५० मिमी, एफ २ ची लेन्स आहे. तिची रचना मूळच्या जर्मन झाइस सोनारवरून घेतलेली आहे. आत बुरशी नाही, काच स्वच्छ आहे, मात्र फोकसची कडी फार जड फिरते. आतले ग्रीस घट्ट झाले असावे. लाल-काळ्या चामड्याची पेटी फाटली आहे. फिल्म गुंडाळण्याची सुटी फिरकी, जी या कॅमेऱ्यांतून बहुधा हरवलेली असते, ती काकांनी फिल्मच्या एका रिकाम्या डबीत जपून ठेवलेली सापडली. त्याच डबीत एक छोटी वहीही होती. तिच्यात प्रत्येक रोलची नोंद आहे, आणि पहिल्या पानावर काकांच्या अक्षरात एकच वाक्य अधोरेखित केले आहे : "आधी चावी द्यावी, मगच वेग बदलावा."

हे वाक्य मी वाचले, पण उशिरा वाचले. कॅमेरा हातात आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी मी शटर न ताणता, म्हणजेच चावी न देता, वेगाची चकती दोन-तीनदा फिरवली होती. चकतीने थोडा विरोध केला, तेव्हा मी थांबलो. त्यानंतर शटर ताणून पाहिले असता सर्व वेग निदान कानाला तरी वेगवेगळे ऐकू येतात आणि १ सेकंदाचा वेगही पूर्ण होतो. तरीही आत काही वाकले किंवा सरकले असेल का, ही काळजी मनातून जात नाही. हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न पहिल्या रोलविषयी आहे. आयएसओ ४०० (फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) चा कृष्णधवल रोल घालून मी एका रविवारी सकाळी मिरजेच्या बाजारात आणि नंतर कृष्णेच्या घाटावर छत्तीस छायाचित्रे काढली. ऊन कडक असल्यामुळे बहुतेक वेळा १/५०० आणि १/१००० हे वेग वापरावे लागले. रोल धुऊन आला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. सावलीत, १/६० किंवा १/१२५ वर काढलेली छायाचित्रे उत्तम आली आहेत. घाटावर बसलेल्या एका आजीबाईंच्या चेहऱ्यावरचा मृदू प्रकाश पाहून काका या लेन्सचे इतके कौतुक का करत असत, ते उमगले. मात्र १/१००० वर काढलेल्या प्रत्येक छायाचित्राची एक बाजू काळोखी आहे, काही ठिकाणी तर निगेटिव्हवर जवळजवळ एक तृतीयांश चौकट कोरीच राहिली आहे. तिसरी गोष्ट म्हणजे, उन्हातल्या अनेक चौकटींत ठरावीक जागी बारीक पांढरे ठिपके आहेत. एका चौकटीच्या आधी मी कॅमेरा गळ्यात अडकवून, लेन्सवर झाकण न घालता दहा मिनिटे चहा पीत बसलो होतो. तिथे ते ठिपके सर्वांत ठळक आहेत.

शटरचे पडदे कापडाचे असून त्यावर रबराचा लेप असतो, आणि या कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे लेन्समधून आलेले ऊन थेट पडद्यावर एकवटून त्याला भोक पाडू शकते, हे मी वाचले आहे. तेव्हा ठिपक्यांचे कारण तेच असावे असे वाटते. काळोख्या बाजूचे कारण मात्र मला नीट कळलेले नाही.

दुरुस्तीसाठी मी दोन ठिकाणी चौकशी केली. एका दुकानात कॅमेरा न उघडताच "रशियन माल आहे, भाग मिळत नाहीत" असे सांगून परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणी कॅमेरा ठेवून घेण्याची तयारी होती, परंतु पडदे बदलण्याचा अनुभव आहे का, असे विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून मी तो परत आणला. काकांची वस्तू अनोळखी हातात देऊन पुढे ती पुन्हा जोडली जाणार नाही, ही भीती मला दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठी वाटते.

त्यामुळे दुसरा पर्याय मनात आला : काकांची लेन्स तशीच ठेवावी आणि तिच्यासाठी दुसरा चालू कॅमेरा घ्यावा. इथेच माझा गोंधळ वाढला आहे. मुंबईच्या चोरबाजारात एका विक्रेत्याकडे झेनित-ई हा आरशाचा (एसएलआर) सोव्हिएत कॅमेरा आहे, हेलिऑस-४४-२ लेन्ससह, आणि शटर छान वाजते. परदेशातील विक्रेत्यांकडे फेद-२, फेद-३ आणि झोर्की-४के दिसतात. फेदची हकिकत वाचून मी थक्क झालो. खारकोव्ह येथे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या नावाने चालवलेल्या अनाथ मुलांच्या वसाहतीत, ज्या वसाहतीशी शिक्षणतज्ज्ञ माकारेन्को यांचे नाव जोडलेले आहे, तिथल्या मुलांनी जर्मन लायकाच्या धर्तीवर १९३४ पासून कॅमेरे बनवायला घेतले आणि त्याच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याला फेद हे नाव पडले. पुढे १९४८ मध्ये क्रास्नोगोर्स्कला निघालेला पहिला झोर्की हा त्या फेदचाच वंशज. तेव्हा काकांची लेन्स फेदवर चालेल, असा माझा तर्क आहे. झेनितवर ती चालेल का? आणि डिसेंबरपूर्वी हातात असलेल्या चार-साडेचार महिन्यांत, दुरुस्ती आणि नवी खरेदी यांपैकी कोणता मार्ग अधिक भरवशाचा आहे?

एक शेवटची बारीकशी शंका. काकांच्या वहीत जागोजागी "स्वेमा ६५" आणि "स्वेमा १३०" अशा, म्हणजे स्वेमा या सोव्हिएत फिल्मच्या, नोंदी आहेत. हे आकडे आजच्या आयएसओसारखेच धरावेत का? त्यांच्या नोंदी मला आजच्या फिल्मवर जशाच्या तशा वापरून पाहायच्या आहेत.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी गेली बारा वर्षे झोर्की आणि फेद वापरतो आणि माझ्या कॅमेऱ्यांची किरकोळ दुरुस्ती स्वतः करतो. आपण सगळे इतके नेमके लिहिले आहे की कॅमेरा न पाहताही बरेच सांगता येईल.

वेगाच्या चकतीची काळजी सोडा. ती जबरदस्तीने फिरवली असती तर यंत्रणा बिघडली असती. आपण विरोध जाणवताच थांबलात आणि संथ वेग पूर्ण होत आहेत. खात्री करायची असल्यास कॅमेऱ्याची पाठ काढा, लेन्स उतरवा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चलच्चित्र घ्या. १/३० वर पडदा साधारण ८ चौकटी उघडा दिसला पाहिजे, १ सेकंदावर २४०. थोडाफार फरक चालतो.

काळोख्या बाजूचे कारण असे. या शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक धावतात आणि जलद वेगांना त्यांच्यामध्ये फक्त एक अरुंद फट असते. पहिला पडदा जुन्या, घट्ट झालेल्या वंगणामुळे रेंगाळला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते आणि उरलेल्या चौकटीवर प्रकाश पोचतच नाही. पुष्कळ जण अशा वेळी थेट स्प्रिंगचा ताण वाढवतात. ते मला मुळीच मान्य नाही. मळलेल्या यंत्रणेला जास्त जोराने ओढले तर ती काही दिवस चालते आणि मग कायमची बसते. आधी स्वच्छता, नवे वंगण, आणि तरीही गरज पडली तरच ताण, तोही किंचित किंचित.

झेनित-ई हा चांगला आणि दणकट कॅमेरा आहे, पण आपल्या कामाचा नाही. झोर्की आणि फेदमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी असते, झेनितमध्ये आरशाला जागा लागते म्हणून ते ४५ मिमीच्या वर आहे. झेनित-ईची आटेदार बैठक बहुधा ४२ मिमी व्यासाची असते, काकांच्या लेन्सची ३९ मिमीची. सुरुवातीच्या काही झेनितांना ३९ मिमीचेच आटे आहेत आणि लेन्स त्यांत बसतेही, पण हातभर अंतरापलीकडचे काहीच स्पष्ट दिसत नाही. या फसगतीत अनेक जण सापडतात. फेद-२ मात्र आपली लेन्स आनंदाने घेईल. तो घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागा : उघड्या पाठीतून दोन्ही पडद्यांचे उजेडासमोर काढलेले छायाचित्र, १/५०० वर पांढऱ्या भिंतीचा काढलेला नमुना, आणि सुटी फिरकी सोबत आहे याची स्पष्ट कबुली. "चाचणी केलेली नाही" असे लिहिलेला कॅमेरा बंद आहे असेच समजावे.

परंतु माझे मत विचाराल तर, डिसेंबरसाठी दुसरा कॅमेरा लागणारच नाही. आपला झोर्की १/२५० पर्यंत नीट चालत असेल तर तेवढे पुरे आहे. अंगणात उन्हात आयएसओ १०० ची फिल्म घाला : एफ १६ ला १/१२५, किंवा एफ ११ ला १/२५०. घरात आयएसओ ४००, खिडकीचा उजेड, एफ २ आणि १/६०. छायाचित्र टिपून झाले की लगेच झाकण लावा. आणखी एक : ज्युपिटर-८ वर फोकस करताना पुढची कडीही फिरते आणि ॲपर्चर (प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाचे माप, म्हणजे एफचा आकडा) नकळत सरकते, तेव्हा फोकस झाल्यावर ॲपर्चरवर नजर टाकण्याची सवय लावा.

स्वेमाचे आकडे गोस्ट या सोव्हिएत मापातले आहेत. त्या काळचे ९० म्हणजे आपले १००. त्यामुळे ६५ म्हणजे सत्तरच्या थोडे वर आणि १३० म्हणजे १४५ च्या आसपास. १९८७ पासून गोस्ट आणि आयएसओ एकच झाले, पण काकांच्या नोंदी त्याआधीच्या आहेत.

भिंतीची चाचणी करून पाहा : एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत, १/१२५ ला एफ ८, १/२५० ला एफ ५.६, १/५०० ला एफ ४, १/१००० ला एफ २.८. निगेटिव्हवर चारही चौकटी सारख्या गडद आल्या पाहिजेत. काय निघाले ते इथे कळवा.

मूळ प्रश्नकर्ता

आपले शब्दांत मावणार नाहीत इतके आभार. दोन आठवडे उत्तर दिले नाही, कारण चाचणीचा रोल धुऊन यायचा होता.

१/१२५ आणि १/२५० च्या चौकटी हुबेहूब सारख्या आहेत. १/५०० ची एक कडा किंचित फिकट पडली आहे आणि १/१००० ची एक बाजू पूर्वीसारखीच कोरी आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यामागे बारीक विजेरी धरून पाहिले असता पहिल्या पडद्यावर चार छिद्रे मोजता आली. दुसरा पडदा निर्दोष आहे. चलच्चित्रातही १/३० ला नऊ चौकटी मिळाल्या. म्हणजे कॅमेरा आजच वापरता येईल, आणि मी तो तसाच वापरणार आहे. झेनितचा आणि फेदचा विचार सोडून दिला आहे. स्वच्छता आणि वंगणाचे काम काकूंचा वाढदिवस झाल्यावर, सवडीने, अनुभवी माणूस सापडेल तेव्हाच करीन.

वहीतील १९७६ च्या हिवाळ्यातील एक नोंद अशी आहे : "बर्फ. स्वेमा ६५. १/१२५, एफ ११." त्या रोलमधले छायाचित्र काकूंकडे आहे, काका त्यात टोपी घालून हसत आहेत आणि कॅमेरा कुणा मित्राच्या हातात असावा.

आता फक्त चार छिद्रांचा प्रश्न उरला आहे. पडद्याच्या कापडावर काळ्या कापडी रंगाचा पातळ थर ब्रशच्या टोकाने द्यावा, असे काही जण सुचवतात, तर थर जाड झाल्यास पडदा ताठ होऊन गुंडाळीत अडकतो, असेही वाचले. आपण हे केले आहे का? केले असल्यास रंग लेन्सच्या बाजूने द्यावा की फिल्मच्या, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत शटर ताणलेले ठेवावे की सोडलेले?