सातचा पाढा पाठ आहे, पण गेममध्ये ६३ ऐवजी ३६ टाईप होतात. मदत हवी आहे

आम्ही डिचोलीजवळ राहतो. मुलगी मराठी प्राथमिक शाळेत चौथीला आहे. सासूबाई रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की तिच्याकडून परवचा म्हणून घेतात, त्यामुळे बारापर्यंतचे पाढे खडाखड येतात.

चतुर्थीच्या सुट्टीत भावाने जुन्या लॅपटॉपवर टक्स मॅथ हा फुकट गेम घालून दिला. वरून धूमकेतू पडतात, त्यांवर गणित असतं. उत्तर टाईप करून एंटर दाबलं की धूमकेतू फुटतो, नाहीतर खाली पेंग्विनच्या इग्लूवर आदळतो. नेट लागत नाही, म्हणून मला बरा वाटला.

पण ७ × ८ दिसलं की ती "सात एके सात"पासून सुरू करते आणि आठीपर्यंत पोचायच्या आत इग्लू जातो. दुसरी अडचण मला जास्त छळते. ७ × ९ ला ती ३६ टाईप करते. आधी वाटलं, घाई करते. मग शेजारी बसून ऐकलं. ती पुटपुटते "सात नवे त्रेसष्ट", आणि "त्रे" कानावर पडताच बोट ३ वर जातं. एकोणपन्नासला ५९. परवा रडून म्हणाली, "आई, मला पाढे येतच नाहीत." येतात हो तिला!

गेम बंद करू का? पाचवीपासून गणित इंग्रजीतून असेल, तर पाढे आत्ताच इंग्रजीत घ्यावेत का? सासूबाईंचा परवचा मोडायचा माझा जीव होत नाही.

प्रतिसाद:
ताई, परवचा अजिबात मोडू नका. मी फोंड्याला प्राथमिकला शिकवते, ही चूक वर्गात नेहमी दिसते. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी वाचनाची रीत दिली, ती याच गोंधळापायी; त्यावर वादही खूप झाला. मुलीचा पाढा पक्का आहे, अडतंय ते ऐकलेला आकडा लिहिण्यात. आठवडाभर गेमशिवाय नुसते आकडे सांगा: त्रेसष्ट, छत्तीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. तिने आधी "साठ आणि तीन" म्हणायचं, मग टाईप करायचं. "एकोण" म्हणजे एक कमी, हे दहा-दहा चिंचोके मांडून दाखवा. पन्नासातला एक उचलला की एकोणपन्नास.

सुरुवातीपासून म्हणायची सवय मोडायला पाढा मधूनच विचारा. १, २, ५ आणि १० चे पाढे येत असतील, तर १० × १० पर्यंत वेगळे असे २१ गुणाकारच उरतात, कारण ७ × ८ आणि ८ × ७ एकच. रोज तीन घ्या. गेममध्ये सगळे पाढे एकदम नकोत, धड्यांच्या यादीतून थोडेच निवडा. इंग्रजी पाढे पाचवीत आपसूक येतील.

धागाकर्ती:
मनापासून आभार, बाई. आज चिंचोके घेऊन सासूबाईच बसल्या. एकोणपन्नास बरोबर आला. एकोणऐंशीला मात्र ८९ टाईप केले, तेव्हा उद्या आठ दहाके मांडते. एक विचारायचं राहिलं: ती "साठ आणि तीन" मोठ्याने म्हणते, ते मनात म्हणायला कधी सांगू?