१३ सामने, १३ विजय आणि तरी घरी बसा: फ्लोरिडा स्टेटवर अन्याय झाला का?

चौथा डाव

विषय २०२३ च्या हंगामाचा, म्हणजे शिळा. पण परवा एका मित्राशी यावरून पुन्हा वाजलं, म्हणून इथे काढतोय.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (नावात फूट असला तरी बहुतेक काम हातानेच) तेव्हा विजेतेपदाच्या प्लेऑफला फक्त ४ संघ जायचे. ते गुणतक्त्यावरून ठरत नसत. १३ जणांची समिती बंद दाराआड बसून ठरवायची.

आता फ्लोरिडा स्टेट. हा संघ २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या खालच्या गटातल्या संघाकडून घरच्या मैदानावर, सामन्याच्या अगदी शेवटच्या चेंडूवर हरला होता. त्या वर्षी ५ विजय, ७ पराभव. प्रशिक्षक माइक नॉर्व्हेलला हाकला म्हणून लोक ओरडत होते. २०२२ ला १०-३. आणि २०२३ ला हरलेच नाहीत. पहिल्याच सामन्यात एलएसयूला (लुईझियाना स्टेट) ४५-२४. क्लेमसनला त्यांच्या घरात जाऊन जादा वेळेत ३१-२४. एसीसी कॉन्फरन्सचं (कॉन्फरन्स म्हणजे संघांचा गट, त्यांचा एसीसी) विजेतेपदही घेतलं.

मध्ये एक घात झाला. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. पायाला आधार बांधून त्याला गाडीवरून बाहेर नेलं, तेव्हा स्टेडियम चिडीचूप. तो सामना ५८-१३ ने जिंकले, पण खरा प्रश्न पुढचा होता. पुढच्या आठवड्यात फ्लोरिडाविरुद्ध टेट रोडमेकर खेळला, विजय २४-१५. त्यालाही डोक्याला मार बसला. मग एसीसीच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा पोरगा ब्रॉक ग्लेन उभा राहिला. लुइव्हिलवर १६-६ ने विजय.

३ डिसेंबरला समितीने चार नावं वाचली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. आदल्या आठवड्यात फ्लोरिडा स्टेट चौथं होतं आणि अलाबामा आठवं. मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता एकही सामना न हरता बाहेर राहिला, असं या प्लेऑफमध्ये आधी कधी झालं नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. जे झालं ते मोजा. ट्रॅव्हिसशिवाय पुढे काय होईल हे समितीने सांगायचं असेल तर सामने कशाला खेळवता, पत्रिका मांडा आणि मोकळे व्हा.

गणिती किडा

पत्रिकेचा विनोद बरा आहे, पण समितीची कार्यपद्धती वाचली आहे का? महत्त्वाचा खेळाडू नसेल आणि त्याचा पुढच्या खेळावर परिणाम होणार असेल, तर तो विचारात घ्यावा असं त्यात स्पष्ट आहे. समितीने हवेतून नियम काढला नाही.

आणि झालेलंच मोजायचं म्हणता ना? मोजू. फ्लोरिडाविरुद्ध रोडमेकरचे २५ पैकी १२ पास पोचले, १३४ यार्ड. तो फ्लोरिडाचा संघ त्या वर्षी ५-७ होता. ग्लेनचे लुइव्हिलविरुद्ध २१ पैकी ८ पास, ५५ यार्ड. अख्ख्या सामन्यात पंचावन्न! मैदानच १०० यार्डांचं असतं. त्याच दिवशी अलाबामाने लागोपाठ २९ सामने जिंकलेल्या जॉर्जियाला २७-२४ ने पाडलं. तुम्हाला समितीत बसवलं असतं तर खरंच डोळे मिटून फ्लोरिडा स्टेट लिहिलं असतंत?

आडगल्ली

हो, लिहिलं असतं. डोळे उघडे ठेवूनच.

अलाबामाचं कौतुक करताना बाकीचा हंगाम का गाळता? टेक्ससकडून स्वतःच्या टस्कलूसात ३४-२४ ने हरले. पुढच्या आठवड्यात साउथ फ्लोरिडाविरुद्ध धडपडत १७-३. ऑबर्नविरुद्ध तर वाट लागली होती. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोलरेषा ३१ यार्डांवर, अर्धं मिनिट उरलेलं. जेलन मिलरोने चेंडू कोपऱ्यात भिरकावला आणि आयझाया बाँडने तो झेलला. २७-२४. झेल सुटला असता तर अलाबामाचं नावही कोणी घेतलं नसतं. बरं, हे ऑबर्न कोण? आदल्याच आठवड्यात न्यू मेक्सिको स्टेटकडून ३१-१० असा मार खाऊन आलेले.

अजून एक. एलएसयू दोघांनाही भेटलं. ज्याला त्या वर्षीची हाइसमन ट्रॉफी (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची) मिळाली तो जेडन डॅनियल्स त्यांच्याकडे होता. फ्लोरिडा स्टेटने त्यांना २१ गुणांनी हरवलं, अलाबामाने १४ गुणांनी (४२-२८). हे गणित का करत नाही, किडासाहेब?

गणिती किडा

करतो की. तो विजय ट्रॅव्हिस असतानाचा. माझा मुद्दाच तो आहे: सप्टेंबरमधला फ्लोरिडा स्टेट आणि डिसेंबरमधला फ्लोरिडा स्टेट हे दोन वेगळे संघ होते. आणि ट्रॅव्हिस असतानाही बॉस्टन कॉलेजशी ३१-२९ पर्यंत ताणलं होतं, ते कोणी बोलत नाही.

कुंपणावरचा

मला या खेळातलं बेताचंच कळतं. एक माणूस गेला तर बाकीचा संघ शून्य होतो का? ट्रॅव्हिस स्वतःच म्हणाला होता ना, की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकचा नाही हे लोकांना दिसलं असतं? वाचून कसंसंच झालं होतं. आपल्या मोडक्या पायाबद्दल पोराला असं वाटावं!

चौथा डाव

शून्य होत नाही. दाखलाच आहे. २०१४, ओहायो स्टेट. पहिला क्वार्टरबॅक हंगामाआधीच जायबंदी, दुसरा मिशिगनविरुद्ध. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसरा, कार्डेल जोन्स, त्याची सुरुवातीपासून खेळण्याची पहिलीच वेळ. समितीने त्यांना आत घेतलं. पुढे अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगनला ४२-२० हरवून तेच विजेते झाले. त्या वेळी पत्रिका कुठे गेली होती?

सरळसोट

तोच दाखला तुमच्या गळ्यात पडतो, भाऊ. जोन्सने विस्कॉन्सिनला ५९-० ने धुतलं. समितीला दिसलं की या पोराने गाडी चालते. ग्लेनचं १६-६ बघून काय दिसलं? नियम एकच, समोर आलेला पुरावा वेगळा.

चौथा डाव

मग नियम जिंकण्याचा राहिलाच नाही, बदडून काढण्याचा झाला. तेही मानलं असतं, पण त्याच वर्षी टीसीयू या संघाचं काय झालं? आयोवा स्टेटला ५५-३ ने हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर घसरले. बदडूनही बाहेर! तेव्हा कारण दिलं कॉन्फरन्सच्या विजेतेपदाचं. फ्लोरिडा स्टेटकडे विजेतेपद होतं, तर कारण आलं क्वार्टरबॅकचं. कारणं दर वेळी नवी. नुकसान मात्र मोठ्या नावाचं होत नाही.

सरळसोट

टीसीयूला बेलरने ६१-५८ हरवलं होतं, हे सोयीस्करपणे विसरलात. मोठ्या नावाचं म्हणाल तर जॉर्जिया? २९ विजयांनंतर एक सामना तीन गुणांनी हरले आणि पहिल्यावरून थेट सहावे. गतविजेते होते ते. आणि फ्लोरिडा स्टेट हे काय छोटं नाव आहे? त्यांच्याकडेही राष्ट्रीय विजेतेपदं आहेत.

वाकडं बोट

एवढं सगळं लिहिता आणि ऑरेंज बोलबद्दल (प्लेऑफ हुकलेल्यांचा हंगामाअखेरचा सामना) चकार शब्द नाही. ३० डिसेंबर २०२३. जॉर्जिया ६३, फ्लोरिडा स्टेट ३. समिती बरोबर होती. विषय संपला.

आडगल्ली

वाकडं बोट, तो सामना बघितलात की नुसता आकडा वाचलात? फ्लोरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू मैदानावर नव्हते. जॅरेड व्हर्स नाही, कियॉन कोलमन नाही, ट्रे बेन्सन नाही, ब्रेडन फिस्क नाही. रोडमेकर तर संघच सोडून निघाला होता. विजेतेपदाची संधी हिसकावल्यावर पोरांनी एनएफएलचा (व्यावसायिक लीगचा) विचार केला, त्यात त्यांचं काय चुकलं? त्या संघातले १० जण २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू निवडीत, निवडले गेले. प्लेऑफ मिळाला असता तर यातला एक तरी घरी बसला असता का?

वाकडं बोट

जॉर्जियाचीही संधी हुकली होती. ते बरे आले खेळायला.

कुंपणावरचा

हा मुद्दा मात्र बिनतोड वाटला.

चौथा डाव

बिनतोड नाही, अर्धा. दोन्ही संघ नाराज होते, पण जॉर्जिया हरून बाहेर पडलं होतं. न हरता बाहेर पडणं वेगळं. २०१७ ला सेंट्रल फ्लोरिडाचं हेच झालं. १२-० असूनही प्लेऑफ नाही. त्यांनी पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ हरवलं, ज्या ऑबर्नने त्या हंगामात अंतिम फेरीतल्या अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही हरवलं होतं. मग त्यांनी स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेते जाहीर केलं. लोक हसले. मी नाही हसलो.

गणिती किडा

फ्लोरिडा स्टेटने स्वतःला विजेते वगैरे म्हटलं नाही, पण कोर्टाची पायरी मात्र चढले. २२ डिसेंबरला विश्वस्तांनी स्वतःच्याच कॉन्फरन्सवर, एसीसीवर, दावा लावला. राज्यपालांनीही या वादाच्या कोर्टकज्जासाठी १० लाख डॉलर ठेवायचा प्रस्ताव आणला. खेळात सरकार उतरलं की मी चॅनेल बदलतो. आणि पुढच्या वर्षी, २०२४ ला, हाच संघ २-१०. बोला.

आडगल्ली

२-१० चा इथे काय संबंध? ट्रॅव्हिस, व्हर्स, कोलमन सगळे गेल्यावरचा संघ तो. यंदा नापास झाला म्हणून मागच्या वर्षीची गुणपत्रिका फाडायची का?

सरळसोट

हे एक पटलं. २-१० चा विषय मध्ये आणू नका, किडा.

तसंही २०२४ पासून १२ संघ आले आणि कॉन्फरन्स विजेत्यांपैकी वरच्या पाचांना हक्काची जागा मिळाली. तो नियम वर्षभर आधी असता तर फ्लोरिडा स्टेट आत असतं आणि आपण आज दुसऱ्या कुणावरून भांडत असतो.

चौथा डाव

काल रात्री तो १६-६ चा सामना पुन्हा पूर्ण पाहिला. किडा, ग्लेनचे पास बघवत नाहीत, मान्य. कितीदा तरी चेंडू कुठे चाललाय हे त्यालाही ठाऊक नसावं. मधेमधे तर क्वार्टरबॅकला बाजूला ठेवून चेंडू थेट लॉरन्स टोफिलीच्या हातात देत होते. तो ११८ यार्ड धावला. पण बचाव बघा हो. लुइव्हिलचा क्वार्टरबॅक सात वेळा चेंडूसकट आडवा झाला. त्यांचे सहा गुण म्हणजे दोन फील्ड गोल (लाथेने मारलेले, तीन-तीन गुणांचे). गोलरेषेच्या आत टाकलेला एक पासही हिरावून घेतला. पूर्ण सामन्यात एकही टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणं) होऊ दिला नाही. तुमचे ५५ यार्ड मी मान्य करतो, माझा हा शून्य तुम्ही करा.

गणिती किडा

केला. बचाव त्या वर्षी देशातल्या कुणाच्याही तोडीचा होता.

तरी मी अलाबामाच लिहिलं असतं.