सॅक्सोफोन: दीड वर्ष झालं, अजून पिपाणीच वाजतेय! मदत हवी आहे

मंडळी, वय 46, मुक्काम डोंबिवली. दीड वर्षापूर्वी जुना आल्टो सॅक्स घेतला. बोटं बरी पडतात, चार गाणीही बसलीत. रडगाणं आवाजाचं आहे. मधल्या सप्तकात पातळ, वर गेलं की किंचाळतो, खालच्या बी-फ्लॅटकडे उतरलं की गुळण्या केल्यासारखा गुडगुडतो. हिंदी सिनेगीतांतले सॅक्सवादक मनोहारी सिंग यांचा एखादा तुकडा ऐकून स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं की जेवण जात नाही.

रीड (थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) अडीच नंबरची, माउथपीस (तोंडात धरायचा भाग) सॅक्सबरोबर आलेला. शेजाऱ्यांमुळे कपाट उघडून, कपड्यांत तोंड घालून रोज अर्धा तास वाजवतो. दुकानदार म्हणतो भारीतला माउथपीस घ्या. घेऊ का?

प्रतिसाद 1: पैसे खिशातच ठेवा. माउथपीस काढून रीडसकट नुसता फुंका, समोर ट्यूनर (सूर कोणता ते दाखवणारं अ‍ॅप) लावा. आल्टोचा माउथपीस साधारण पेटीच्या पांढरी सहाला, म्हणजे ए ला वाजायला हवा. फार वर गेला तर तुम्ही रीड चावताय. खालच्या ओठाला आतून दातांचे वण आहेत का बघा.

धागाकर्ता: पांढरी एक! आणि वण आहेत हो. मला वाटायचं घट्ट धरलं तरच सूर हलत नाही.

प्रतिसाद 1: तिथेच दुखणं आहे. दाबलेल्या रीडला थरथरायला जागा उरत नाही, मग आवाजाला अंग कुठून येणार? ओठांचे कोपरे आत घ्या, जबडा सैल सोडा, सूर पोटातल्या हवेने धरा. गुडगुडणं मात्र सगळं तुमचं पाप नसेल. जुन्या सॅक्समध्ये भोकं झाकणाऱ्या पॅडमधून हवा गळते. दुरुस्तीवाल्याला आत दिवा घालून बघायला सांगा. आणि त्या कपाटातून बाहेर या. कपडे आवाज पितात, म्हणून तुम्ही आणखी जोर लावता.

प्रतिसाद 2: मी गाते, मुलगी सॅक्स शिकते. तिचा रियाज बघून मला आपला खर्जच आठवतो. आल्टोवर ज्याला जी म्हणतात तो आपल्या पेटीवर काळी पाच. तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी पाचवर लावायचं, जी अगदी हळू सुरू करायचा, फुगवायचा, पुन्हा हळू करत सोडायचा. बारा-पंधरा सेकंद. मग एकेक स्वर खाली. गाणी शेवटची दहा मिनिटं. सुरुवातीला घरात सगळे वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू!

प्रतिसाद 1: ताईंना अनुमोदन. जोडीला, खालच्या बी-फ्लॅटची बोटं तशीच ठेवून, ऑक्टेव्ह की (वरच्या सप्तकात नेणारी कळ) न दाबता, वरचा बी-फ्लॅट काढा. मग त्यावरचा एफ. घसा आणि जीभ काय करतात ते तिथे कळतं.

धागाकर्ता (आठ दिवसांनी): माउथपीस पांढरी सातवर उतरलाय. जी थोडा भरल्यासारखा वाटतो, पण सैल सोडलं की सगळा सॅक्सच बेसूर, खाली. परत घट्ट धरू का?

प्रतिसाद 1: अजिबात नको. चावून सूर चढायचा म्हणून तुम्ही माउथपीस सॅक्सच्या मानेवरच्या बुचावर बाहेर ओढून ठेवला असणार, म्हणजे सूर खाली यावा. आता थोडा आत ढकला.

धागाकर्ता: अर्धा सेंटिमीटर बाहेर होता!